हवामानबदलावर शंका घेणाऱ्यांशी कसे बोलावे?

प्रश्न असा आहे: घरातली किंवा कामाच्या ठिकाणची चांगली शिकलेली माणसेही ‘हवामान नेहमीच बदलत आले आहे, त्यात नवीन ते काय’ असे म्हणून विषय झटकून टाकतात, आकडे पुढे केले की वाद वाढतो आणि शेवटी दोन्ही बाजू आपापल्या मताला अधिकच चिकटून बसतात, तेव्हा अशा शंकेला उत्तर द्यावे तरी कसे? हवामानशास्त्र शिकवणे आणि या शास्त्राशी संबंध नसलेल्या श्रोत्यांपुढे त्याविषयी बोलणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकते. शास्त्रज्ञांना काय माहीत आहे हे सांगण्याऐवजी ते त्यांना कसे कळले हे सांगावे, आणि तेही समोरच्याची खरी शंका कोणती आहे हे ओळखल्यानंतरच.

बहुतेक लोक सुरुवात ‘पृथ्वी माणसामुळे तापत आहे’ या शास्त्रज्ञांच्या एकमतापासून करतात. एकमत आहे हे खरेच आहे आणि ज्याने अजून मत बनवलेले नाही अशा माणसाला ते सांगण्याचा उपयोगही होतो. परंतु ज्याचा शास्त्रज्ञांवरच विश्वास नाही, त्याला ‘शास्त्रज्ञ असे म्हणतात’ हे सांगून काय साधणार? त्याच्या दृष्टीने तो आरोपीनेच स्वतःसाठी दिलेला दाखला असतो. ज्ञान कमी पडते म्हणून लोक शंका घेतात, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, विज्ञानाची आणि आकडेमोडीची समज जशी वाढते तसे लोक एकमेकांच्या जवळ येत नाहीत. उलट आपापल्या गटाच्या मताचे समर्थन ते अधिक कुशलतेने करतात. म्हणून शंका घेणारा मनुष्य अडाणी आहे असे धरून चालणे चुकीचे तर आहेच, शिवाय ते त्याला लगेच जाणवते आणि संवाद तिथेच संपतो.

माझ्या अनुभवात शंका तीन ठिकाणांहून येतात. काहींना मोजमापांवर भरवसा नसतो. काहींना तापमान वाढले आहे हे मान्य असते, पण त्याचे कारण माणूस आहे हे मान्य नसते. आणि पुष्कळांची खरी हरकत उपायांना असते: आपला रोजगार जाईल, इंधन महागेल, किंवा ज्यांनी धूर केला ते मोकळे राहतील आणि भुर्दंड आपल्याला बसेल, ही त्यांची भीती असते. ही तिसरी शंका बहुधा पहिल्या दोन शंकांचे रूप घेऊन येते, त्यामुळे ऐकणारा फसतो. ज्याला कोळशाच्या खाणीतल्या आपल्या नोकरीची काळजी आहे त्याच्यापुढे कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनांच्या कार्बन अणूंचे, आलेख ठेवून काही उपयोग नाही. म्हणून मी आधी विचारते, ‘आपल्याला यातले नेमके काय पटत नाही?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलत नाही.

आता ‘हवामान नेहमीच बदलत आले आहे’ या वाक्याकडे येऊ. हे वाक्य खरे आहे आणि ते खरे आहे हे प्रथम मोकळेपणाने मान्य करावे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पण मग पुढचा प्रश्न समोरच्यालाच विचारावा: ते बदल कशामुळे झाले? कारणावाचून हवामान बदलत नाही. हिमयुगांच्या येण्याजाण्यामागे पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांत होणारे बदल होते आणि त्या हिशेबाने पाहिले तर गेल्या काही हजार वर्षांत पृथ्वी अगदी सावकाश थंड होत जायला हवी होती. इथे एखादा अभ्यासू श्रोता हमखास म्हणतो, की अंटार्क्टिकाच्या बर्फातील नोंदींमध्ये आधी तापमान वाढलेले दिसते आणि कार्बन डायऑक्साइड नंतर. हेही टाळू नये. हिमयुग संपताना सुरुवात कक्षेतील बदलाने झाली, तापलेल्या समुद्राने कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडला आणि त्या वायूने ती उष्णता वाढवून जगभर पोहोचवली. आज सुरुवातच त्या वायूपासून झाली आहे. भूतकाळातून खरे तर हेच दिसते, की हे हवामान थोड्या धक्क्यानेही पुष्कळ हलते, आणि ते काही धीर देणारे नाही.

कारणाविषयीची शंका हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि तिथे घाई करू नये असे मला मनापासून वाटते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, हवेतील कार्बन डायऑक्साइड सातत्याने मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३१५ रेणू होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते आणि बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचा जो हिशेब मिळतो, त्यात तो आकडा ३०० च्या आसपासच थांबतो. कीलिंग यांची वक्ररेषा मी श्रोत्यांना नेहमी जवळून पाहायला लावते, कारण ती सरळ चढत नाही, ती करवतीच्या दात्यांसारखी आहे. उत्तर गोलार्धातील झाडेझुडपे वाढीला लागली की हवेतला कार्बन शोषला जातो आणि रेषा खाली उतरते. पानगळीनंतर ती पुन्हा चढते आणि मे महिन्यात वर्षातला उच्चांक गाठते. साऱ्या वनस्पतिसृष्टीचा श्वास ज्या उपकरणाच्या नोंदीत इतका स्पष्ट दिसतो, ते उपकरण बिनभरवशाचे आहे असे म्हणणे ती रेषा पाहिल्यावर कोणालाही जड जाते.

पण हा वाढीव कार्बन माणसाचाच कशावरून? एका व्याख्यानानंतर एका निवृत्त अभियंत्यांनी मला नेमके हेच विचारले होते. त्यांचे म्हणणे असे, की ज्वालामुखी अब्जावधी टन वायू ओकत असतील, तर आपल्या धुराड्यांची ती काय मातब्बरी? मी त्यांना आधी जमाखर्च मांडायला सांगितला. जीवाश्म इंधनांच्या ज्वलनातून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ज्वालामुखींचा वाटा याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. शिवाय हवेतली वार्षिक वाढ माणसाने सोडलेल्या एकूण वायूच्या निम्म्याहून थोडी कमीच भरते. म्हणजे उरलेला भाग समुद्र आणि वनस्पती पोटात घेत आहेत. निसर्ग या हिशेबात देणारा नसून घेणारा आहे. वाढ निसर्गामुळे होत असती, तर माणसाने सोडलेला सगळा वायू गेला कुठे, याचे उत्तर द्यावे लागले असते. हे त्यांना पटले, पण त्यांना याहून थेट पुरावा हवा होता, आणि तोही आहे.

वनस्पती प्रकाशसंश्लेषण करताना जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ अधिक घेतात. कोळसा आणि खनिज तेल हे प्राचीन जीवसृष्टीचेच अवशेष असल्यामुळे त्यांतही कार्बन-१३ तुलनेने कमी असतो. कार्बन-१४ तर त्यांत उरलेलाच नसतो, कारण त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे तो झिजून निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७०० वर्षांचा आणि ही इंधने कोट्यवधी वर्षांची. तेव्हा जळालेला कोळसा हवेत मिसळत असेल तर हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण घटायला हवे, आणि ते घटत आहे. कार्बन-१४ चे प्रमाण असे पातळ होत असल्याचे हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या वाढवलयांतून दाखवून दिले होते. त्याखेरीज ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. समुद्राने किंवा ज्वालामुखीने कार्बन सोडला तर हवेतला ऑक्सिजन त्या हिशेबात खर्च होत नाही. इंधन जळले तर होतो. चार्ल्स कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी विकसित केलेल्या पद्धतीने ही घट मोजली जाते आणि ती ज्वलनाच्या हिशेबाशी जुळते. श्वास घेण्याला तिच्यामुळे धोका नाही, इतकी ती अल्प आहे. पण पुरावा म्हणून तिचे मोल फार मोठे आहे. अभियंत्यांनी त्यावर आणखी प्रश्न विचारले आणि मला ते आवडले, कारण आता ते ‘कोण म्हणतो’ हे सोडून ‘कसे मोजतात’ हे विचारत होते.

सूर्याविषयीची शंका याच पद्धतीने सोडवता येते. सूर्याकडून येणारी ऊर्जा उपग्रह १९७८ पासून मोजत आहेत आणि साधारण अकरा वर्षांच्या चक्रातले चढउतार वगळले तर तिच्यात वाढ झालेली नाही. तरी याहून बोलका पुरावा वातावरणाच्या थरांमध्ये आहे. सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. उलट कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता अडवणारे हरितगृह वायू वाढले तर खालचे तपांबर तापावे आणि वरचे स्थितांबर थंड व्हावे, असे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने दाखवले होते, म्हणजे ते तपासून पाहण्याजोगी उपग्रहांची मोजमापे हाती येण्याच्या कितीतरी आधी. पुढे मोजमापे मिळाली तेव्हा खाली तापणे आणि वर थंड होणे हेच दिसले. खालच्या स्थितांबराच्या थंड होण्यात ओझोनच्या ऱ्हासाचाही वाटा आहे, हे सांगायला हवे. परंतु त्याच्या वरच्या थरांतील घसरण कार्बन डायऑक्साइड लक्षात न घेता समजावता येत नाही. मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चोर पकडण्याआधीच त्याच्या बोटांचे ठसे कसे असतील हे कोणी लिहून ठेवावे आणि पुढे तेच सापडावेत, असा हा पुरावा आहे, आणि मला तो एकमताच्या कोणत्याही टक्केवारीपेक्षा अधिक वजनदार वाटतो.

‘हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेला वायू काय करणार?’ हाही नेहमीचा आणि रास्त प्रश्न आहे. कोरड्या हवेचा सुमारे ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीकडून उष्णता घेऊन वर जाणाऱ्या अवरक्त किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. त्यामुळे त्यांची संख्या कितीही असली तरी या कामात ती मोजायची नसते. किरणाच्या वाटेत कार्बन डायऑक्साइडचे किती रेणू येतात हे मोजायचे असते आणि वातावरणाच्या पूर्ण उंचीत ते अगणित येतात. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये हा वायू उन्हात अधिक तापतो हे प्रयोगाने दाखवले, जॉन टिंडल यांनी १८५९ पासून निरनिराळ्या वायूंचे उष्णता शोषणे मोजले आणि १८९६ मध्ये स्वान्ते अर्‍हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. हा इतिहास सांगण्यामागे माझा एक हेतू असतो. आजच्या राजकारणातल्या कोणत्याही बाजूचा जन्म होण्याआधी हे शास्त्र उभे राहिले होते, हे कळले की कटकारस्थानाचा संशय पुष्कळसा विरतो.

मोजमापांवरच्या शंकेला उत्तर देताना रिचर्ड म्युलर यांचे उदाहरण कामी येते. हे भौतिकशास्त्रज्ञ तापमानाच्या नोंदींविषयी स्वतः साशंक होते: शहरे वाढल्यामुळे केंद्रांवरचे तापमान वाढलेले दिसत असेल, सोयीची केंद्रे निवडली जात असतील, असे त्यांचे आक्षेप होते. त्यांनी बर्कली अर्थ हा स्वतंत्र प्रकल्प उभा केला, नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१२ मध्ये जाहीर केले, की वाढ खरी आहे, शहरांच्या उष्णतेने ती फुगलेली नाही आणि तिचे कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. शंका प्रामाणिक असेल तर तिचा शेवट असा होऊ शकतो. ‘आकड्यांत फेरफार करतात’ या आरोपाचे उत्तर तर जवळून पाहण्यासारखे आहे. पूर्वी जहाजांवर समुद्राचे पाणी कापडी बादलीने वर ओढून त्याचे तापमान घेत. बादली डेकवर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी निवत असे आणि नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी होत असे. पुढे इंजिनाच्या थंडाव्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवले जाऊ लागले आणि ते थोडे जास्त येई. हे दोष दुरुस्त केले नाहीत तर तापमानवाढ प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते. म्हणजे जमीन आणि समुद्र मिळून पाहिले, तर या दुरुस्त्यांमुळे दीर्घकालीन वाढ कमी होते. वाढ फुगवण्याचा कट असता तर कोणी ही दुरुस्ती केली नसती.

जे निश्चित नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर अखेरीस तापमान किती वाढेल, याचा अंदाज १९७९ मध्ये १.५ ते ४.५ अंश सेल्सिअस होता. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात तो २.५ ते ४ अंश इतका आवळला गेला, पण ढगांच्या वर्तनामुळे तो अजून एका आकड्यावर आलेला नाही. मोठे हिमस्तर किती वेगाने वितळतील, एखाद्या लहान प्रदेशात पाऊस नेमका किती बदलेल, हे प्रश्न खुले आहेत. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेली तापमानाची १७ भाकिते नंतर तपासली गेली तेव्हा त्यांपैकी १० प्रत्यक्षाशी जुळली, आणि उत्सर्जन प्रत्यक्षात किती झाले हा फरक हिशेबात घेतल्यावर १४. तीन तरीही जुळली नाहीत. हे तीनही मी सांगते. त्याच समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे एक निराधार विधान शिरले होते. हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच त्यावर बोट ठेवले आणि २०१० मध्ये समितीने चूक मान्य केली. ही गोष्ट विरोधकाकडून ऐकण्यापेक्षा आपल्याकडून ऐकलेली बरी. त्याचप्रमाणे प्रत्येक वादळाचे, प्रत्येक पुराचे खापर हवामानबदलावर फोडणाऱ्या आपल्याच बाजूच्या लोकांना थांबवणे हेही आपलेच काम आहे, कारण अशा एका अतिशयोक्तीमुळे दहा खऱ्या विधानांवरचा विश्वास उडतो.

संघटित रीतीने पसरवलेल्या शंकेविषयी बोलावे लागते, पण जपून. १९६९ मध्ये एका अमेरिकन तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात शंका हेच आपले उत्पादन असल्याचे लिहिलेले सापडले आहे आणि तीच पद्धत पुढे जीवाश्म इंधनांच्या बाबतीतही वापरली गेली. एक्झॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेली तापमानाची भाकिते बहुतांशी अचूक होती, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, आणि कंपनी मात्र जाहीरपणे त्याच शास्त्राविषयी संशय व्यक्त करत होती. तथापि आपल्यासमोर बसलेला मनुष्य या मंडळींचा हस्तक नाही. त्याला तसे सुचवणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा युक्ती उघडी करून दाखवावी. उदाहरणार्थ, ‘१९९८ नंतर तापमानवाढ थांबली’ हा दावा बरीच वर्षे चालला. १९९८ हे तीव्र एल निन्योमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेमुळे, असाधारण उष्ण वर्ष होते. तिथूनच आलेख सुरू केला की पुढची काही वर्षे सपाट दिसतात. वाढीव उष्णतेचा सुमारे ९० टक्के भाग समुद्रात जातो आणि समुद्र त्या काळातही तापतच होता. २०२४ पर्यंत येता येता जगाचे सरासरी वार्षिक तापमान १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी वर गेले. असे उत्तर देताना क्रमाला महत्त्व आहे: आधी खरी गोष्ट सांगावी, मग चुकीचा दावा एकदाच सांगावा, मग त्यात दिशाभूल कुठे झाली ते दाखवावे. चुकीचा दावा खोडला की तो अधिकच घट्ट होतो अशी एक भीती मध्यंतरी पसरली होती. पुढच्या मोठ्या प्रयोगांत तसे क्वचितच आढळले, त्यामुळे खोडायला कचरू नये.

उपायांविषयीच्या हरकतींबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. अणुऊर्जा घ्यावी की नाही, कार्बनवर कर लावावा की नियम करावेत, ज्यांनी इतिहासात सर्वाधिक उत्सर्जन केले त्यांनी किती भार उचलावा, हे प्रश्न भौतिकशास्त्र सोडवत नाही. त्यांवर मतभेद असणे योग्यच आहे. समोरच्याला एवढे मोकळेपणाने सांगितले, की कर नको म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि त्यासाठी तापमानमापक खोटा ठरवण्याची गरज नाही, तर शास्त्राला त्याचा असलेला विरोध अनेकदा मावळतो. त्याची लढाई दुसरीकडे होती, ती लढायला त्याला त्याची जागा मिळते.

काही माणसांचे मत तरीही बदलत नाही. अशा वेळी मी एक प्रश्न विचारते: कोणता पुरावा मिळाला तर आपले मत बदलेल? आणि माझे उत्तर आधी देते: वरचे स्थितांबर तापू लागले, हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण वाढू लागले, किंवा समुद्रात साठलेली उष्णता दशकभर घटत गेली, तर मला माझे मत नव्याने तपासावे लागेल. समोरून ‘कोणताही नाही’ असे उत्तर आले, तर त्या व्यक्तीशी वाद वाढवण्यात अर्थ नसतो. पण बाजूला बसून ऐकणारे असतात आणि माझे पुढचे बोलणे त्यांच्यासाठी असते. अशा ऐकणाऱ्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १२५ देशांतील पाहणीवर आधारलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६९ टक्के लोकांनी हवामानबदल रोखण्यासाठी आपल्या उत्पन्नाचा एक टक्का देण्याची तयारी दाखवली. परंतु आपल्या देशातले इतर किती लोक असे म्हणतील असे विचारल्यावर त्यांचा अंदाज सरासरी ४३ टक्के होता. काळजी करणारे आपण एकटेच आहोत असे समजून माणसांची फार मोठी संख्या गप्प बसलेली असते, आणि कोणी शांतपणे, न चिडता, पुराव्यानिशी बोलले की बैठक संपल्यानंतर त्यांतलेच कोणी तरी जवळ येऊन आपला प्रश्न विचारतात. त्या प्रश्नासाठी वेळ राखून ठेवावा.